तक्रारदाराची खुर्ची

ठाण्यातल्या सिनेगॉगमध्ये त्या सकाळी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. एकीवर बाळाला मांडीवर घ्यायला आजोबा बसणार होते. दुसरी उंच पाठीची, लाल मखमलीची आणि रिकामी. मैत्रिणीच्या नातवाची सुंता होती, आठवा दिवस. बायका बांगड्या सावरत आपापल्या जागा धरत होत्या, कुणी तरी पंखा वाढवा म्हणून ओरडत होतं, आणि एवढ्या गर्दीत एक चिमुरडी सरळ जाऊन त्या मखमलीवर चढायला लागली. मैत्रिणीच्या आईने तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं. ‘‘तिथं नको गं बसू. ती एलियाहू हन्नाबीची आहे.’’ मग बाळ आलं, क्षणभर त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं गेलं, तिथून आजोबांच्या मांडीवर. एक किंकाळी, वाइनमध्ये भिजवलेला कापूस बाळाच्या ओठांना, आणि सगळ्यांनी एकदम सोडलेला श्वास. नंतर मलिदा खाताना मी आजींना विचारलं, की सुंता ही देवाशी झालेल्या कराराची खूण, आणि हा करार सुरू झाला अब्राहामपासून, मग खुर्ची एलियाहूची का? मलिद्याच्या पोह्यांतलं खोबरं बोटाने बाजूला सारत त्या म्हणाल्या, ‘‘तो देवाकडं आमची तक्रार घेऊन गेला होता ना! ही माणसं करार पाळत नाहीत म्हणून. मग देवानं त्यालाच बसवला. बघ म्हणे आता डोळ्यांनी, दर वेळी.’’ आणि त्या दुसऱ्या कुणाला तरी केळं द्यायला निघून गेल्या. मला मात्र गाडीत बसल्यावरही ते वाक्य सोडेना.

ती तक्रार राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे, एकोणिसाव्या अध्यायात. आपल्याकडच्या मराठी बायबलात हा माणूस एलीया म्हणून भेटतो. राणी ईजबेल जिवावर उठलेली, हा रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो. तिथे त्याला भाकर आणि पाणी मिळतं, आणि त्या एका जेवणावर तो चाळीस दिवस-रात्री चालून होरेब डोंगरावर पोचतो, जिथे मोशेला करार मिळाला होता त्याच डोंगरावर. म्हणजे रागावलेला माणूस थेट मूळ कचेरीतच जाऊन उभा राहिला. देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोयस? तो म्हणतो, मी तुझ्यासाठी जिवाचं रान केलं. या लोकांनी तुझा करार सोडला, तुझ्या वेद्या पाडल्या, तुझे संदेष्टे मारले, मी एकटाच उरलोय. मग तो प्रसिद्ध प्रसंग: डोंगर फोडणारा वारा, भूकंप, अग्नी, आणि या तिन्हींत देव नाही, शेवटी एक अगदी हलका आवाज. प्रवचनं बहुतेक इथेच थांबतात. पण त्या हलक्या आवाजाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि एलीयाने पुन्हा तेच उत्तर दिलं, शब्द न् शब्द तेच. एवढं सगळं डोळ्यांदेखत घडून त्याच्या तक्रारीतला काना-मात्रा हलला नाही. देव त्याला समजावत बसत नाही. परत जा म्हणतो, दोन राजांचा आणि तुझ्या वारसाचा अभिषेक कर, आणि जाता जाता सांगतो की बआल या परक्या देवापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात शिल्लक आहेत. तू एकटा नाहीस, हिशेब चुकलाय तुझा.

खुर्चीची गोष्ट त्या पुस्तकात नाही. ती पुढे, कित्येक शतकांनी, रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, जोडली: तू म्हणतोस ना यांनी करार सोडला, मग यापुढे एकही सुंता तुझ्या नजरेआड होणार नाही. ही शिक्षा म्हणायची की मान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तक्रार खरी की खोटी याचा निवाडाच न करता तक्रारदाराला कायमचा साक्षीदार करून टाकायचं, ही तऱ्हा मात्र भारी आहे.

त्यानंतर मी ती जुनी पानं पुन्हा काढली. या वेळी आश्वासनं बाजूला ठेवून फक्त कुरकुर शोधत गेले, आणि ती पानोपानी सापडत गेली. सदोम जाळायला निघालेल्या देवाशी अब्राहाम चक्क घासाघीस करतो: पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस? दहावर येऊन थांबतो. लोक सोन्याचं वासरू करून पुजायला लागल्यावर देव मोशेला म्हणतो, बाजूला हो, यांना संपवतो आणि तुझंच मोठं राष्ट्र करतो. मोशेला व्यक्तिशः यात फायदाच होता. पण तो देवाला दोन गोष्टी सुनावतो. एक, मिसरी, म्हणजे इजिप्तचे, लोक काय म्हणतील? आणि दुसरी, अब्राहाम, इसहाक, इस्राएल यांना तू स्वतःची शपथ घेऊन शब्द दिला होतास, तो आठव. देव माघार घेतो. आपल्याला देवाशी भांडणं नवं नाही. विठोबाला शिव्या घालणाऱ्या नामा-जनीच्या घरातलेच आपण. पण त्या भांडणात एक लाड आहे, आईने उशीर केला म्हणून रुसलेल्या लेकराचा. इथला सूर वेगळा. इथे माणूस कलम काढून दाखवतो. तू असं म्हणाला होतास, अमुक दिवशी, अमुक माणसाला.

म्हणजे करार झाल्यामुळेच भांडता येतं. ज्याने शब्दच दिला नाही, त्याच्याकडे दाद कसली मागणार?

हे सगळं जिथून सुरू होतं तो उत्पत्तीचा पंधरावा अध्याय मी फार हळू वाचला. अब्राम म्हातारा झालाय, अजून अब्राहाम व्हायचाय, मूल नाही. देव म्हणतो, भिऊ नको, तुझं प्रतिफळ मोठं आहे. हा विचारतो, काय देणार आहेस? मी निपुत्रिक चाललो, घरचा कारभारी माझा वारस होणार. देव त्याला तंबूबाहेर नेतो आणि तारे मोजता आले तर मोज म्हणतो, तुझी संतती एवढी होईल. अब्राम विश्वास ठेवतो, तसं वाक्यच आहे तिथे, पुढे जगभरच्या धर्मपंडितांनी डोक्यावर घेतलेलं. पण त्या वाक्याला दोन ओळी होतात न होतात तोच हाच विश्वासू माणूस विचारतो, की हा देश मला मिळेल हे मी कशावरून समजू? मला हा अब्राम फार जवळचा वाटतो. विश्वास आहे, पण कशावरून?

देव चिडत नाही. यादी देतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचं पिल्लू. अब्राम जनावरं उभी चिरतो आणि अर्धं अर्ध्यासमोर मांडतो. पाखरं तेवढी चिरत नाही. आणि मग काहीच होत नाही. मजकुरात तसं लिहिलेलं नाही, पण सूर्य मावळायला अजून वेळ आहे, आणि मध्ये एकच ओळ येते: हिंस्र पक्षी त्या धडांवर झडप घालायला उतरले, आणि अब्रामने त्यांना हाकलून लावलं. बस. मी कोळ्यांच्या वाळवणावर घारी उतरताना पाहिल्यात. एक हाकलावी तर दोन येतात. पाठ वळायची खोटी. इथे तर उघड्यावर ताजं रक्त, माश्या, उन्हात सुटलेला वास, आणि मधे एक म्हातारा काठी घेऊन हा-हू करत फिरतोय. विश्वाच्या निर्मात्याने त्याला शब्द दिलाय आणि त्याच्या हाती काम आलंय ते गिधाडं हाकलण्याचं. देव हजर होईपर्यंत जागा राखायची.

सूर्य बुडताना त्याच्यावर गाढ झोप येते आणि झोपेत घनदाट काळोखाची भीती. त्या काळोखात देव त्याला गोड बातमी देत नाही. तुझी पोरं परक्या देशात गुलाम होतील, चारशे वर्षं त्यांचा छळ होईल, मग सुटतील. शब्द देतानाच उशीर किती होणार तेही सांगून टाकायचं, हा प्रामाणिकपणा पाहून मी जरा चकितच झाले. मग अंधारात धुमसती शेगडी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जाते, आणि करार होतो.

त्या काळच्या वाचकाला यातलं वेगळेपण समजावून सांगावं लागलं नसावं. सीरियात अलेप्पोजवळ सफीरा इथे सापडलेल्या अरामी शिलालेखांत, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या, अर्पादचा राजा मतिएल याचा तह कोरलेला आहे. तह मोडला तर जसं हे वासरू कापलं तसा मतिएल कापला जावो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अश्शूरच्या, म्हणजे असीरियाच्या, राजाशी त्याने केलेल्या दुसऱ्या एका तहात कोकराचं मुंडकं आहे आणि बजावणी आहे की हे मुंडकं कोकराचं नाही, मतिएलचं आहे. बिचाऱ्याने कुणाकुणाला शब्द दिले आणि कुणाचे पाळले देव जाणे; इसवी सनापूर्वी 740 मध्ये अश्शूरने अर्पाद घेतलंच. तर रीत अशी होती की शाप दुबळ्याने स्वतःवर ओढवून घ्यायचा. मांडलिकाने म्हणायचं, मी फिरलो तर माझं हे होवो. उत्पत्तीत मांडलिक झोपलेला आहे. तुकड्यांमधून जातात ती शेगडी आणि मशाल, आणि अनेक अभ्यासक ती देवाचीच खूण मानतात. माझा शब्द खोटा ठरला तर माझे असे दोन तुकडे होवोत, असं देव एका निपुत्रिक भटक्या माणसाला म्हणतोय. हे लिहिणाऱ्याच्या धाडसाला मी आजवर किती तरी वेळा मनातल्या मनात नमस्कार केलाय.

एवढं सगळं होऊन अब्राहामला त्या देशात मिळालं किती? तेविसाव्या अध्यायात सारा वारते, एकशे सत्तावीस वर्षांची. तिला पुरायला नवऱ्याकडे हातभर जमीन नाही. हेब्रोनच्या वेशीत तो हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणतो, मी तुमच्यातला परका, उपरा. मला कबरेपुरती जागा विकत द्या. हा देश मला देवाने दिलाय, असं तिथे तो चुकूनही म्हणत नाही. एफ्रोन नावाचा मालक मोठ्या मनाचा आव आणतो, अहो घ्या की, चारशे शेकेलची जमीन, तुमच्याआमच्यात तिचं काय! असं म्हणता म्हणता किंमत सांगून मोकळा झाला, हे कोकणात जमीन घेतलेल्या कुणालाही लगेच कळेल. अब्राहाम घासाघीस करत नाही. सदोमसाठी देवाशी आकडा दहापर्यंत खाली ओढणारा हा माणूस बायकोच्या कबरेसाठी चारशे शेकेल चांदी मुकाट्याने तोलून देतो, व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने, साक्षीदारांसमोर. आणि मग मजकूर चक्क खरेदीखताच्या चालीवर जातो: मखपेलाचं शेत, त्यातली गुहा, शेतातली आणि चतुःसीमेतली सगळी झाडं. आपल्याकडच्या जुन्या खतांतलं जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप आठवावं असं. ताऱ्यांइतकी संतती आणि नदीपासून नदीपर्यंतचा देश कबूल झालेल्या माणसाचं पहिलं खातं म्हणजे एक कबर, तीही पुरे पैसे मोजून.

ते ठिकाण आजही आहे. हेरोदच्या काळातल्या दगडी भिंती, मुसलमानांची इब्राहिमी मशीद, यहुद्यांची कुलपित्यांची गुहा. 1994 साली रमजानमध्ये नमाज पढणाऱ्या 29 माणसांना एका ज्यू वसाहतवाल्याने गोळ्या घातल्या, आणि तेव्हापासून इमारत आतून वाटून दिलेली आहे. देवाच्या शब्दाचा सातबारा करून तो शेजाऱ्याच्या तोंडावर मारणारे लोक मी बातम्यांत पाहते तेव्हा मला या पुस्तकाचा राग येतो. आणि पुस्तक उघडलं की त्यातच आमोस भेटतो, कुणाचीही भीड न ठेवणारा मेंढपाळ. त्याचा देव इस्राएलला विचारतो, तुम्ही मला कुशी लोकांसारखेच नाही का? तुम्हाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अराम्यांना कीरमधून मीच आणलं ना? शत्रूच्या स्थलांतरामागेही तोच देव. करार मिरवणाऱ्यांना हे ऐकवायची सोय त्याच पुस्तकात करून ठेवलेली आहे, वाचलं तर.

हागार मात्र मला अजूनही गप्प बसू देत नाही. मिसरी दासी, मालकिणीला मूल होत नाही म्हणून मालकाच्या बिछान्यात ढकललेली, आणि गरोदर राहिली म्हणून छळलेली. ती पळते तेव्हा वाटेवरच्या झऱ्यापाशी तिला देवदूत भेटतो, आणि संतती मोजता येणार नाही एवढी होईल हा शब्द तिलाही मिळतो. देवाला नाव ठेवणारी ती बाई, ‘मला पाहणारा’. राजा नाही, संदेष्टा नाही, एक मोलकरीण. पुढे इसहाक झाल्यावर अब्राहाम तिला भाकर आणि पाण्याची पखाल देऊन पोरासकट बाहेर काढतो. रानात पाणी संपतं. ती पोराला झुडपाखाली टाकते आणि बाण जाईल तेवढ्या अंतरावर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघायचं नसतं. तिथे विहीर दिसते, पोरगं जगतं, मोठं राष्ट्र होईल म्हणून शब्द पुन्हा मिळतो. पण करार? तो इसहाकशी, असं सतराव्या अध्यायात देवाने आधीच स्पष्ट केलेलं. गंमत अशी की त्याच अध्यायात सुंता पहिल्यांदा होते तेव्हा इसहाक जन्मलेलाही नाही. हागारच्या पोराच्या, तेरा वर्षांच्या इश्माएलाच्या, अंगावर ती खूण आधी उमटते. खूण आहे, करार नाही. मी हे प्रकरण कितीदा उलटसुलट केलं, पण माझ्या मनातला करकरणारा दगड जागचा हलला नाही. एवढंच की अब्राहाम वारला तेव्हा त्याला मखपेलाच्या गुहेत पुरायला इसहाक आणि इश्माएल दोघंही आले. लिहिणाऱ्याने त्या दोघांची नावं शेजारी शेजारी ठेवलीत आणि पुढे काही बोललेला नाही.

खूण आहे पण करार आहे की नाही, हा प्रश्न माझ्या मैत्रिणीच्या घराण्यालाही चुकला नाही. बेने इस्राएलांची गोष्ट अलिबाग-पेणच्या पट्ट्यात कुणाला नव्याने सांगायला नको: नवगावजवळ फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, समुद्रात गेलेली पुस्तकं. पुस्तकं गेली, भाषा गेली, प्रार्थनेतली शमाची, ‘हे इस्राएला, ऐक’ ही, ओळ तेवढी तोंडात राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने शनवार तेली म्हटलं. आठव्या दिवसाची सुंता राहिली. आणि एलियाहू राहिला, तोही इतका घरचा होऊन, की अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण खडकावर दाखवतात आणि नवसाला मलिदा करतात. कराराचा कागद हाती नसताना ही माणसं शतकानुशतकं रोहेकर, पेणकर, दिवेकर होऊन मराठीत तो पाळत राहिली. मग इस्राएल नावाचं राज्य झालं आणि त्यातली हजारो माणसं तिकडे गेली. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने शंका काढली: तुमच्या पूर्वजांचे विवाह-घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते कशावरून? लग्न लावायचं तर आधी पिढ्यांची चौकशी. अब्रामने देवाला विचारलेला प्रश्न इथे माणसांनी माणसांना विचारला. आमची माणसं गप्प बसली नाहीत. जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदीच आहेत. मैत्रिणीचे एक काका तेव्हा तिथे होते. तो विषय निघाला की आजी फक्त एवढंच म्हणतात, ‘‘देवाला ठाऊक होतं. यांनाच कागद हवा होता.’’

कागद आणि शब्द यांच्यातली फट सगळ्यांत रुंद दिसते ती एकोणनव्वदाव्या स्तोत्रात. सुरुवात अशी की वाटावं, कीर्तनच चाललंय: परमेश्वराच्या प्रेमाचं गाणं मी सर्वकाळ गाईन, त्याची निष्ठा आकाशात स्थिर आहे, त्याने दावीद राजाला शपथ दिली, चंद्रासारखं त्याचं सिंहासन टिकेल, मी दावीदाशी खोटं बोलणार नाही. दोन-तृतीयांश स्तोत्र या आनंदात जातं. आणि मग एकाएकी, मधे श्वासही न घेता: पण तू टाकून दिलंस. तू सेवकाचा करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीत मळवलास. ती पहिली स्तुती म्हणजे फिर्यादीचा पूर्वार्ध होता, हे आपल्याला इथे कळतं. आधी कबुलीजबाब सविस्तर वाचून दाखवायचा, मग विचारायचं: प्रभू, तुझं ते पूर्वीचं प्रेम कुठे आहे?

दावीदाच्या गादीचं झालं काय, याचा एक पुरावा बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, मातीत सापडला. यहोयाखीन हा त्या घराण्याचा राजा, इसवी सनापूर्वी 597 मध्ये नबुखद्नेस्सराने कैद करून नेलेला. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाने बाबेल उकरलं, त्यात राजवाड्याच्या कोठाराच्या मातीच्या पाट्या निघाल्या, आणि 1939 मध्ये त्यांतल्या काही प्रसिद्ध झाल्या. कोठीतून कुणाला किती तेल दिलं याच्या त्या नोंदी. त्यांत यहुदाचा राजा यहोयाखीन आणि त्याची पाच मुलं आहेत. चंद्रासारखं टिकणारं सिंहासन, आणि हाती रेशनचं तेल. पण पाट्यांवर कारकुनाने त्याला अजून ‘यहुदाचा राजा’च लिहिलंय, हे मला विलक्षण वाटतं. राजांचं दुसरं पुस्तक संपतं तेही त्याच्यावरच: कैदेच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलच्या नव्या राजाने त्याला तुरुंगातून काढलं, त्याचे कपडे बदलले, आपल्या पंक्तीला बसवलं, आणि मरेपर्यंत रोजचा शिधा बांधून दिला. शब्द पाळला गेला की मोडला? लेखक शिध्यावर येऊन लेखणी ठेवतो.

जेरुसलेम पडलं त्यावरचं विलापगीत अव महिन्याच्या नवमीला सिनेगॉगमध्ये जमिनीवर बसून वाचतात. त्याची शेवटची ओळ भयंकर आहे: की तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस आणि आमच्यावर बेसुमार कोपलास. तिथे थांबवत नाही म्हणून वाचणारे एक ओळ मागे जातात आणि तीच पुन्हा म्हणतात, आम्हाला तुझ्याकडे वळव म्हणजे आम्ही वळू. मूळ पुस्तकातली ती शेवटची ओळ मात्र कुणी खोडली नाही, की खाली समजुतीची चिठ्ठी चिकटवली नाही.

आणि यिर्मया, जेरुसलेम पडताना पाहिलेला संदेष्टा. वेढ्याच्या दिवसांत राजा सिद्कीयाने लोकांकडून करार करवला की इब्री गुलाम सोडून द्यायचे. वासरू चिरून तुकड्यांमधून सगळे सरदार चालत गेले. मग बाबेलचं सैन्य थोडं मागे हटलं, आणि यांनी सोडलेले गुलाम पुन्हा धरून आणले. संकट टळल्यासारखं दिसलं की नवस विसरायचा, हे जगात सगळीकडे सारखंच. यिर्मया त्यांना सांगतो की आता तुमची प्रेतं आकाशातल्या पाखरांचं भक्ष्य होतील. अब्रामने दिवसभर जी हाकलली, तीच ही पाखरं. इथे हाकलायला कुणी नाही.

हाच माणूस त्याच वेढ्यात, चौकीच्या आवारात कैदेत असताना, जमीन विकत घेतो. चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ जेरुसलेमच्या उशाशी. म्हणजे तिथे तेव्हा बहुधा बाबेलच्या शिपायांचे घोडे चरत असणार. ज्या दिवशी अख्ख्या शहराच्या जमिनींची किंमत शून्य झालेली होती, त्या दिवशी यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खतावर सही केली, साक्षीदार घातले, मोहोर लावली. एक मोहोरबंद प्रत, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितलं, मातीच्या मडक्यात घाल, पुष्कळ दिवस टिकायला हवीत. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं की श्रद्धेचा हा कळस, इथे प्रकरण संपणार. तसं होत नाही. कागद मडक्यात गेल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि ती प्रार्थना आकाश-पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरू होऊन हळूहळू तक्रारीवर येते: बघ, शहरात शिरायला मोर्चे उभे राहिलेत, तलवार आहे, दुष्काळ आहे, मरी आहे, तू म्हणालास ते घडलंय, तुला दिसतंयच. आणि तरी तू मला म्हणालास, रोख देऊन शेत घे!

पैसे मोजून झाल्यावर कुरकुरणारा हा खरेदीदार मला सगळ्या शूरवीर संतांपेक्षा जास्त पटतो. देव त्याला उत्तर देतो, लांबलचक, आधी यांनी काय काय केलं त्याची यादी आणि मग पुन्हा वचन. त्या शेतात पुढे कुणी नांगर घातला का, हे पुस्तकात कुठेही आलेलं नाही. मडकं कुठे गेलं तेही नाही. हानामेल पुन्हा एकदाही दिसत नाही. पण वेढ्यात अडकलेलं शेत रोखीने विकून गेलेला तो एकटाच माणूस असावा, आणि यिर्मयाच्या नातेवाइकांनी नंतर कैक वर्षं जेवताना त्या सौद्याबद्दल काय काय म्हटलं असेल, ते ऐकायला मला फार आवडलं असतं.